खेळाच्या ताईंची पिशवी

सतरंजीवर खेळणी मांडून झाली आणि खेळाच्या ताईंनी तोंडाला कुलूप लावलं. पद्धतच तशी होती. मूल खेळत असताना मोठ्यांनी बोलायचं नाही, सुचवायचं नाही, डोळ्यांनी खुणावायचंही नाही. दहा मिनिटं मूल आणि खेळणी, बस्स. हे ताई बालवाडीच्या शिक्षिकांना इतकी वर्षं शिकवत आल्या होत्या की त्यांचं खरं नाव आता पगारपत्रकापुरतंच उरलं होतं.

आज हॉल शिक्षिकांनी भरला होता आणि पहिल्या रांगेत संस्थेच्या संचालिका बसल्या होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. मुख्य प्रशिक्षिकेची जागा रिकामी झाली होती. ताई आणि आणखी एक बाई, अशी दोन नावं पुढे होती. प्रात्यक्षिक बघून मोठ्या बाई आजच काय ते ठरवणार होत्या. प्रात्यक्षिकाला मूल लागतं, आणि ठरवून ठेवलेला मुलगा नेमका सकाळी तापाने फणफणला. मग ताईंनी आपल्याच चार वर्षांच्या मुलीला नवा फ्रॉक घातला आणि आणून सतरंजीवर बसवलं. घरचं मूल, हक्काचं.

मुलगी बसली ती बसलीच. हात मांडीवर, नजर आईवर. समोर लाकडी ठोकळे होते, रंगीत मणी होते, कापडी बाहुल्या, झाकणाच्या डब्या, लाकडी मासे. दुसरं कुठलंही पोर एव्हाना त्यात लोळलं असतं. हिने बोटसुद्धा लावलं नाही.

लावणार कशी? घरी ती पिशवी कपाटावर असायची. एकदा तिच्यातला एक मासा हरवला आणि भर वर्गात ताईंची फजिती झाली. तेव्हापासून आईच्या पिशवीला कुणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदा. संध्याकाळी ताई आल्या की चहाच्याही आधी पिशवी जमिनीवर रिकामी करायच्या. एकेक वस्तू पुसून तिच्या तिच्या कप्प्यात घालायच्या आणि मनातल्या मनात उद्याच्या भाषणाची उजळणी करायच्या. तोवर कुणी हाक मारलेली चालायची नाही, काहीतरी राहून जातं म्हणे. सासूबाई कधी न राहवून बोलायच्या, जगाची पोरं खेळवतेस, आपल्या पोरीशीही दोन शब्द बोलत जा. ताई त्यांनाही उत्तर द्यायच्या नाहीत. पोर कडेला अशीच बसून राहायची, हात मांडीवर ठेवून. फार तर शेवटच्या दोन-चार वस्तू कप्प्यात ठेवायला मिळायच्या.

हॉलमध्ये आता कुजबुज सुरू झाली. त्या दुसऱ्या बाई छताकडे बघत होत्या. आनंद लपवायला छत बरं असतं.  ताईंनी 'घे ना गं' एवढं म्हटलं असतं तरी पोर हलली असती. पण बोललं तर पद्धत मोडणार, आणि पद्धत मोडली की जागा गेलीच.  मुलगी आईच्या ओठांकडे बघत राहिली.

मग ती उठली. रिकामी पिशवी ओढत जवळ आणली. एक मासा उचलला, फ्रॉकच्या टोकाने पुसला आणि माशांच्या कप्प्यात घातला. मग दुसरा. मग मणी, लाल लालांत, निळे निळ्यांत. ठोकळे मोठ्यापासून लहानापर्यंत. सगळं घाईघाईने, तरी चूक एक नाही.

मोठ्या बाई खुर्चीतून पुढे झुकल्या. बघा, त्या शिक्षिकांना म्हणाल्या, वर्गीकरण बघा, क्रम बघा, बोटांवरचा ताबा बघा, आणि सगळं आपणहून, कुणाची बळजबरी नाही. शिक्षिका भराभर लिहून घेऊ लागल्या. मागून टाळ्या सुरू झाल्या त्या पुढपर्यंत आल्या. छताकडे बघणाऱ्या बाईंनाही वाजवाव्या लागल्या.

पोर खेळलीच नव्हती, तिने नुसती आवराआवर केली होती. एवढ्या हॉलमध्ये हे एकट्या ताईंना ठाऊक होतं.  सांगून टाकावं असं वाटलं, पण क्षणभरच. मोठ्या बाईंनी विचारलं, घरीही हिला खेळू देता ना हे सगळं?

"रोज," ताई म्हणाल्या. "नुसता पसारा असतो आमच्या घरात."

मोठ्या बाई मनापासून हसल्या. घर असंच हवं, म्हणाल्या. जागा तुमचीच. सोमवारपासून दौरे सुरू करा, महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी जातील, तयारी ठेवा. ताईंनी हात जोडले. मग एकेक शिक्षिका अभिनंदनाला येत गेली आणि ताई प्रत्येकीशी बोलत राहिल्या, हसत राहिल्या. पायाशी पोर उरलेल्या बाहुल्या भरत होती. तिच्याकडे बघायला त्यांना सवड झाली नाही.

मोठ्या बाईंना झाली. त्या खाली वाकल्या. एवढ्या छान छान वस्तू आहेत या पिशवीत, त्यांनी लाडाने विचारलं, त्यातलं तुला सगळ्यात जास्त काय आवडतं?

मुलीने शेवटची डबी आत सरकवली. जरा विचार केला आणि पिशवीच्या चेनवर बोट ठेवलं.

"ही," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी चेन ओढू लागली. "ही लागली ना, की आई माझ्याशी बोलते."