टाळ्या

वादळाचा अभ्यास करणाऱ्या तुकडीने आजींची माडी भाड्याने घेतली होती. आभाळात सोडायचे फुगे, ते भरायला गॅस सिलिंडर, नोंदी साठवायच्या डिस्क, सगळी जय्यत तयारी करून मोहीम सांभाळणारी ताई महिनाभर वाट बघत होती. पण मेलं प्रत्येक वादळ हुलकावणी देऊन समुद्रातच विरायचं, आणि साहेब तर आता गाशा गुंडाळायला सांगत होते.

आज संगणकाच्या पडद्यावरचं वादळ वळलं, ते थेट गावाच्या रोखाने. “आलं रे आलं!” म्हणत सगळ्यांच्या आधी ताईनेच टाळ्या पिटल्या. माडी नुसती दणाणून गेली.

छपराचे पत्रे बांधायचा दोर हातात घेऊन आजी धापा टाकत जिना चढून आल्या. दोर बघून ताईचे लाल झालेले तळहात आपसूक पाठीमागे गेले.

 

“टाळ्या ऐकल्या नि जीव भांड्यात पडला गं बाई! वादळ दुसरीकडे गेलं ना?”