पुंगळीतली शीळ

आखातातल्या नईम वस्तीच्या भंगारबाजारात मालक लेस्लीसाहेबासाठी रायफलच्या वापरलेल्या पितळी पुंगळ्या विकत घेताना गुणाजी प्रत्येकीत फुंकर घाली. तडा असला तर शीळ फाटे. धड पुंगळीत तो पुन्हा दारू भरी.

आज अरादच्या किनाऱ्यावर भरायला बसला, तर एका पुंगळीतून कोकणात घरी ठेवलेली त्याची चिमुकली सगुणा रडू लागली.

"लेस्लीसाहेब, ही नको. हिच्यात माझी पोर रडता."

"तडा आहे?"

"नाय."

"मग भर की! का व्हिसा कॅन्सल करू? यल्ला, चल लवकर!"

दारू पडली तसं रडणं मऊ झालं. वर गोळी बसवली, तेव्हा थांबलं.

"बघ, निजली," म्हणत साहेबाने ती रायफलमध्ये चढवली आणि समुद्रावर नेम धरला.

नळीतून बारीक हाक आली, "बाबा, हय काळोख आसा."

साहेबाने हसतच चाप ओढला.