तीन कुलपांची पेटी

गौरवी पणजीतल्या एका कंपनीत गुप्त संदेशांच्या डिजिटल चाव्या सांभाळते. मुख्य चावीचे तीन तुकडे तिघांकडे होते; एकाने आपला हरवला आणि वर्षभराचे संदेश कायमचे बंद झाले. जत्रेला ती पेडण्यात आली, तर देवळातही तोच पेच. देवाच्या दागिन्यांच्या पेटीला तीन कुलपं, तीन घरांकडे एकेक चावी, आणि हरमलकरांच्या घरचं कुणी आलंच नव्हतं. पालखी खोळंबली होती. आलेल्या दोन घरांपैकी एकाच्या शंभूकाकांनी मात्र कनवटीतून दोन चाव्या काढल्या. "एक आमची, दुसरी हरमलकरांची. हरयेक घराकडे फुडच्या घराची जोडचावी असता." गौरवीने बोटांवर मोजून पाहिलं. कुठलीही दोन घरं आली की पेटी उघडते. एकट्याला कुणालाच उघडता येत नाही. "पण काका, दोन घरां इलीच नाय तर?" काका तिसरं कुलूप काढता काढता म्हणाले, "मगे देव त्या वर्सा फुलांनीच नटता."