नालबंदाची काठवट

अकोल्याहून तीन दिवस कापसाच्या गाडीसोबत चालून शालिकरामला वाटसुद्धा पिंजलेल्या कापसासारखी तरंगताना दिसत होती. परदेशातल्या लढाईनं अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि बडनेऱ्यापाशी बैल लंगडला. तिथला नालबंद याकोब ख्रिस्ती झालेला; त्याच्या हातचं पाणी कुणी घेत नसे. त्यानं बैल निजवला, काठवटीतल्या कोमट पाण्यानं खूर धुतला, नाल ठोकली. मग त्याची नजर शालिकरामच्या रक्ताळल्या टाचेवर गेली. “आता तुमचा पाय द्या, भाऊ.” “काहून?” “आमच्या येशूनं आपल्या चेल्यायचे पाय धुतले. मी त्याचा चाकर.” शालिकरामनं बिचकत पाय बुडवला. पाणी काळं होत गेलं, सोबत निघालेल्या इतर गाड्यांची घुंगरं पुढं अमरावतीच्या वाटेवर विरत गेली. मग शालिकरामनं काठवट रिकामी करून नव्यानं भरली आणि ठिणग्यांनी पोळलेल्या याकोबाच्या पायांपुढं ठेवली. “बसा,” तो म्हणाला, “आता तुमचे.”