जुन्या गाडीचे नवे डोळे

“कृपया सड़क पर ध्यान दें,” गाडी म्हणाली. कोलशेतच्या गल्लीतून बाहेर पडेपर्यंत तिचं हेच चाललं होतं.

“मी काय आभाळाकडे बघतोय?” दौलत म्हणाला.

मागच्या सीटवरून सुदेशने वाकून खात्री केली. बापाचं तोंड समोर, हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ. “नवीन आहे ना बाबा. शिकेल हळूहळू.”

नवीन म्हणजे कॅमेरे. गाडी जुनीच. कोलशेतमधली पहिली इलेक्ट्रिक गाडी म्हणून दौलतने ती घेतलेली, तेव्हा अर्धं गाव चार्जिंग बघायला जमलेलं. आता सुदेशने ती विकीच्या गॅरेजला नेऊन चहूबाजूंनी कॅमेरे बसवून घेतले होते. समोर काही आडवं आलं की गाडी ओरडणार, आणि तरीही कोणी ऐकलं नाही तर आपणच ब्रेक मारणार. आरशाजवळचा छोटा कॅमेरा ड्रायव्हरच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणार. दौलतच्या बायकोने, कलावतीने, सगळ्या कॅमेऱ्यांना हळदकुंकू लावलं. विकीने ते लगेच पुसलं.

ही अट सुदेशच्या बायकोची, ऐश्वर्याची. सासूबाई आज ठाकुर्लीला निघालेल्या, लेकीकडे. जागृतीला डॉक्टरांनी पलंगावरून हलायला मनाई केलेली, त्यामुळे बाळंतपणाला माहेरच तिच्याकडे चाललं होतं. म्हणजे उद्यापासून छोट्या सान्वीला शाळेत सोडायला गाडीत आजोबा एकटेच. “कॅमेरे बसव, मगच माझी पोर पाठवीन,” असं ऐश्वर्याने सुदेशला स्पष्ट सांगितलेलं.

कारण एरवी दौलतची गाडी कलावतीशिवाय हलायची नाही. डाव्या सीटवर बसून ती अखंड बोलायची. डावीकडून रिक्षा. पुढे खड्डा. म्हातारी चाललीय मधून, थांबा. पाहुणे आले तरी ती सीट सोडायची नाही. गावात यावर विनोद होते. नवल एकच, दौलत तिच्यावर कधी खेकसला नाही. तसा माणूस तोऱ्यातला. लग्नाकार्यात समोरच्याने आधी हाक मारल्याशिवाय ओळख द्यायचा नाही. बोलताना तोंडाकडे न बघता कानाकडे बघायचा. जमीनवाल्याचा रुबाब, लोक म्हणायचे.

“आई, आज तू गप्प बसायचंस,” सुदेश घरून निघतानाच म्हणालेला. “उद्यापासून तू नसणारेस. बाबांना सवय होऊ दे.”

“अरे, माझं आधी ऐक तरी...”

“एक शब्द नाही!”

“बोलू दे ना तिला,” दौलत जरा घाईनेच म्हणाला. “मला काय तरास नाय.”

“तुम्हीच लाडावून ठेवलंय.”

कलावतीने नवऱ्याकडे पाहिलं. मग खिडकीवरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि तोंड मिटलं.

कोलशेत रोडवर गाडी इतकी हळू चालली की गॅस सिलिंडर लादलेला सायकलवाला पुढे निघून गेला. एक बाइक कट मारून आडवी आली. गाडी ओरडली, दौलत थांबला. रिक्षा घुसली. गाडी ओरडली, दौलत थांबला.

“बघितलंस, आई? आहे का गरज?”

कलावतीची बोटं हँडलवर पांढरी पडली होती. एसी चालू असून दौलतच्या मानेवरून घाम ओघळत होता.

“काय रे,” त्याने विचारलं, “ही गाडी काय बोलत नसली म्हणजे रस्ता मोकळा ना?”

“एकदम मोकळा. बिनधास्त मारा.”

दौलतचे खांदे सैल झाले. असं सैल बसलेलं त्याला सुदेशने कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. दौलतने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. इलेक्ट्रिक गाडी वेग घेताना आवाज करत नाही. कलावतीने डोळे मिटून घेतले, एवढंच.

कापूरबावडीला रस्ता खरंच मोकळा होता. मधली लेन रिकामी होती. बाकीच्या गाड्या डावीउजवीकडे उभ्या होत्या, सगळ्याच, शिस्तीत. कॅमेऱ्यांना गाड्या कळत होत्या, माणसं कळत होती, म्हशीसुद्धा कळत होत्या. सिग्नल कळत नव्हता. ती सोय वरच्या मॉडेलमध्ये होती.

भिवंडीकडे निघालेला ट्रेलर उजवीकडून आला, तेव्हा गाडी एकदाच किंचाळली आणि कोणाची वाट न बघता स्वतःच थांबली. जागृतीसाठी केलेले डिंकाचे लाडू गाडीभर झाले. ट्रेलरची चाकं एक एक करून बॉनेटसमोरून गेली.

“बाबा!” सुदेश ओरडला. “लाल होता सिग्नल!”

दौलतने मान वर केली. चौकापलीकडच्या खांबावर, थेट त्याच्या तोंडासमोर, सिग्नल अजून लालच होता. दौलत त्याच्याकडे बघत राहिला. बघत राहिला. मग हळूच बायकोकडे वळला, तिच्या कानाकडे.

“होता का गो लाल?”

चहूबाजूंनी हॉर्न सुरू झाले. कलावतीने हँडल सोडलं नाही. मागे वळलीही नाही.

“सुदेश,” ती म्हणाली, “आता बोलू का?”