रणगाडे आणि पोहे

"आवाज मोठा कर," नलिनी कुजबुजली. "आमच्या भिंती पातळ आहेत रे."

नंदकिशोरनं शटरच्या टीव्हीचं बटण पिळलं. अँटेनाची वायर काढून तिथं त्यानं गेमची वायर खोचली होती. काळ्यापांढऱ्या पडद्यावर दोन रणगाडे उभे राहिले आणि मुलुंडचं ते लहानसं घर धडामधुडूम दणाणलं.

मामेभावानं मस्कतहून आणलेला हा टीव्ही गेम त्यानं चेंबूरपासून मांडीवर धरून आणला होता, तान्हं मूल आणावं तसा. बसमध्ये शेजारी त्याची आई, राधाबाई, नव्या साडीच्या निऱ्या चाचपत बसली होती. एकदाच म्हणाली, "आजच्यापुरती येते हं. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

म्हणजे आज जमायलाच हवं होतं.

नंदकिशोर आणि नलिनी अंधेरीला एकाच ऑफिसात होते. डब्याच्या सुट्टीत, चपातीच्या घासागणिक, दोघांनी मिळून हा सगळा घाट घातला होता. गेम आणायची युक्ती नंदकिशोरची.

पोहे नलिनीच्या वडिलांनी, अंबादासरावांनी, केले होते. तिची आई गेल्यापासून स्वयंपाकघर त्यांचंच. आज मात्र त्यांच्या हातून मीठ दोनदा पडलं. राधाबाईंनी पहिला घास घेतला, पाणी प्यायल्या, आणि मग हसल्या. अंबादासराव कानापर्यंत लाल झाले.

"बाबा, गॅलरीत वारा छान आहे," नलिनी म्हणाली. "तुम्ही दोघं तिकडे निवांत बसा. आम्ही इथं खेळतो."

तिनं गॅलरीचं दार ओढून घेतलं, तोच बाहेरचं दार उघडलं. शेजारच्या सुगंधाकाकू बेसनाचे लाडू घेऊन हजर.

"काय गो नलू, बघूक येतत नि माका सांगूक नाय?" त्यांनी नंदकिशोरला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "मुलगो बरो दिसता. पण असल्या कामाला कोण लढाई घेऊन येतं काय रे?"

नंदकिशोरनं एक जॉयस्टिक पुढे केली. "तुम्हाला येतो का हा खेळ?" त्यानं नलिनीला विचारलं.

"तुम्ही शिकवा ना," नलिनी खाली मान घालून म्हणाली.

काकू समाधानानं पलंगावर टेकल्या.

नंदकिशोरला या खेळाचं वेड होतं, आणि वेडात त्याची काही मतंही होती. व्हिडिओ गेम पार्लरमधलं मशीन नाण्यांचं भुकेलं असतं, तुम्ही लवकर मरावं म्हणून टपलेलं असतं. घरच्या गेमला घाई नसते. तिथं जिंकण्यापेक्षा डाव राखणं शिकता येतं. नवशिका, समोर रणगाडा दिसला की, गोळा सोडतो. जाणता भिंतीआड थांबतो आणि समोरच्याला एक वाट मोकळी ठेवतो. वाट मोकळी आहे म्हटलं की बुजलेला जीव पळत नाही. हळूहळू, आपला आपण, जवळ येतो.

ठरावीक गोळे लागले की डाव संपायचा आणि आवाज थांबायचा. शांतता दोघांनाही नको होती. म्हणून दोघं भिंतींवर गोळे झाडत राहिले.

"अरे मार ना मेल्या! समोर उभी आहे ती!" काकू कळवळल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "लाजता." आणि पदर सावरून उठल्या. "तुम्ही पोरं बोला आपसात. मी बघते, मोठी माणसं देण्याघेण्याचं काय बोलतायत."

त्यांचा हात गॅलरीच्या कडीवर गेला. नंदकिशोरचा रणगाडा भिंतीवर जाऊन आदळला. आत्ता कुणी तिकडे डोकावलं, की आई गोगलगायीसारखी आत ओढून घेईल स्वतःला. मग संपलंच.

"काकू!" नलिनीनं त्यांच्या हातात जॉयस्टिक कोंबली. "माझं बोट दुखतंय. तेवढं मला वाचवा ना!"

काकूंनी बटण दाबलं. नंदकिशोरनं आपला रणगाडा अलगद त्या गोळ्याच्या वाटेत नेऊन ठेवला.

"लागलो! ह्येका म्हणतत नेम!"

हरणं सोपं नसतं. सलग हरलं तर समोरच्याला कंटाळा येतो, जिंकलं तर राग. नंदकिशोर दोन गोळे खायचा, एक मारायचा. काकूंना पुढे जाऊ द्यायचा, पण फार पुढे नाही. काकू पलंगावरून जमिनीवर आल्या, मांडी ठोकून बसल्या. लाडू त्यांनीच खाल्ले.

"आणखी एक डाव! आता सोडूचंय नाय तुका!"

इतक्यात गॅलरीतून हसू आलं. राधाबाईंचं. मोकळं, खळखळतं, पायलीभर दाणे सुपात ओतावेत तसं. नंदकिशोर गोळा मारायचं विसरला. हे हसू त्यानं लहानपणी, वडील होते तेव्हा, कधीतरी ऐकलं होतं. नलिनीनं त्याच्याकडे पाहिलं, आणि दोघांनीही पटकन नजरा पडद्याकडे वळवल्या.

"सासू हसरी मिळाली गो," काकू पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "नशीब काढलंस."

"माणूस फार चांगलं आहे ते," नलिनी म्हणाली.

डावावर डाव झाले. उन्हं पलंगाखाली सरकली. आणि मग कडी वाजली.

नंदकिशोरनं जॉयस्टिक खाली ठेवली. पुढे अंबादासराव आले, मागून राधाबाई. राधाबाईंच्या अंबाड्यात मोगऱ्याचं एक फूल होतं. वाकडं खोचलेलं, पुरुषाच्या हातानं खोचावं तसं.

"मग, काय ठरलं?" काकूंनी विचारलं.

अंबादासरावांनी घसा खाकरला. "नंदकिशोर, तुझी आई हो म्हणाली. आता तू काय म्हणतोस?"

"तो काय म्हणणार, बाबा!" नलिनीनं टाळीसाठी त्याच्यापुढे हात केला. "जमलं रे, दादा!"