नवऱ्याच्या वाटचा काढा

“आज तरी आत ये,” युनफेन म्हणाली.

चांगफूनं सायकल कापराच्या झाडाला टेकवली आणि नेहमीसारखी मान हलवली. “तू जाऊन ये. मी आहे इथंच.”

“वैद्यकाका तुला खाणार आहेत का?”

“काका नाही गं, त्यांच्या सुया. नुसत्या आठवल्या तरी माझे पाय लटपटतात.”

वीटभट्टीवर दोघांचं ओझं एकटा उचलणारा हा गडी, आणि घाबरतो कशाला, तर केसाएवढ्या सुईला! अख्खी गल्ली त्याला यावरून चिडवायची. तोही हसायचा. रागावणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

युनफेनला भाऊ नव्हता, म्हणून आईनं चांगफूला घरजावई करून आणलं. डोंगरापलीकडचा, आगापिछा नसलेला, मेहनती माणूस. होणारं मूल युनफेनच्या घराण्याचं नाव लावील, एवढीच आईची अट होती. पण वर्षं उलटली तरी मुलाचा पत्ता नव्हता.

आईची जीभ तिच्या मिरच्यांच्या लोणच्याइतकीच झणझणीत. “जावई बिचारा राबतोय. दुसरा असता तर कधीच पळाला असता,” असं ती जेवताना सगळ्यांसमोर म्हणायची. युनफेनला ते पटायचं, म्हणूनच जास्त लागायचं.

कारण वैद्यांनी मुलासाठी दिलेला तिचा काढा उकळायचा तो चांगफूच. भट्टीवरून आला की हातपाय धुऊन मातीचं भांडं चुलीवर चढवायचा. कुठल्या कुठल्या मुळ्या, साली, वर मूठभर लाल बोरं. धुरानं डोळे चुरचुरले तरी जागचा हलायचा नाही. ती वाटी तोंडाला लावी तेव्हा हा खडीसाखरेचा खडा घेऊन तयार. चोथाही तोच रस्त्यावर नेऊन टाकी, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायांबरोबर दुखणं निघून जावं म्हणून. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना ऐकवत, “शिका जरा!”

वर्षातून एकदा, छिंगमिंगच्या सणाला, आईबापांची थडगी साफ करायला तो गावी जाई. रस्ता वाईट म्हणून एकटाच. युनफेन पितरांसाठी तिळाच्या वड्या बांधून देई.

खरं तर आईनं वैद्य रेन यांचं नाव काढलं, तेव्हा तो कधी नव्हे ते मध्ये बोलला होता. “नदीपलीकडेही एक चांगला वैद्य आहे म्हणतात.” पण आईपुढे कुणाचं काय चालतंय!

आत वैद्य रेन यांनी युनफेनच्या मनगटावर तीन बोटं ठेवली, डोळे मिटले. मग पोटावर सुया टोचल्या. नागदवण्याची वात पेटवून बेंबीखाली शेक दिला.

“पोरी, नाडी झकास चाललीय. हातपाय गरम, पाळी वेळेवर. माझ्याकडून करायचं ते सगळं झालं,” ते म्हणाले. “आता नवऱ्याला आण. निम्मा काढा त्याच्या वाटचा असतो.”

“तो नाही यायचा, काका.”

“मग मी तरी काय करू?” म्हणत ते पडद्यामागे हात धुवायला गेले.

युनफेन छताकडे बघत पडून राहिली. मागच्या आठवड्यात तिनं चांगफूला सांगून टाकलं होतं, “तू जा. दुसरं लग्न कर. तुला पोरांची किती हौस आहे, मला दिसत नाही का?” तो लहान मुलासारखा रडला होता. “पुन्हा असं बोलू नकोस,” म्हणाला होता. अशा माणसाला शेवटचा उपाय केल्याशिवाय सोडायचं? तिनं मनाचा हिय्या केला आणि जोरात ओरडली, “चांगफू! मला गरगरतंय! धाव!”

बाहेर सायकल धाडकन पडली. दुसऱ्याच क्षणी तो आत होता. “युनफेन! काय झालं?” त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपण थापा मारल्या याची तिला लाज वाटली, आणि आनंदही झाला. एवढा जीव!

मग त्याची नजर तिच्या पोटावरच्या सुयांवर गेली. तो झोकांडला आणि औषधांच्या कपाटाला धरून कसाबसा उभा राहिला. वैद्य रेन ओल्या हातांनी बाहेर आले, बघतच राहिले, आणि खदखदून हसले.

“अरे, हा तर माझा चष्मा फोडणारा! शिबिरात सुई बघून माझ्या अंगावरच कोसळला होतास की रे!”

“कसलं शिबिर?” युनफेनही हसू लागली. “काका, हा माझा नवरा.”

वैद्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग खाली वाकून ते तिच्या पोटावरच्या सुया काढायला लागले.

“काका, झालं काय?”

“काढा बंद कर, पोरी. नसबंदीचं शिबिर होतं ते, डोंगरापलीकडे. सरकारनं आम्हा सगळ्या वैद्यांनाच जुंपलं होतं. याची नस मी कापलीय.”

युनफेनच्या कानात घणघणायला लागलं. इतका कडू काढा, इतक्या सुया, आईचे इतके टोमणे! तिनं संतापून चांगफूकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता. ते बघून तिचा राग कुठल्या कुठे गेला. त्या दिवसांत माणसं शेतातून उचलून नेत, हे तिनंही ऐकलं होतं. याच्या मागे तर कुणीच नव्हतं. एकट्यानं ही लाज पोटात ठेवून हा तिच्यासाठी चुलीपुढे बसत होता!

तिनं त्याचा हात घट्ट धरला. “धरून नेलं ना रे तुला? मला सांगायचं होतंस. मी काय तुला टाकणार होते?”



“धरून कशाला नेतील?” वैद्य रेन शेवटची सुई काढत म्हणाले. “आपल्या पायांनी आला होता. शुद्धीवर आला तेव्हा त्याची बायकोच त्याला पाणी पाजत होती, कडेवर पोरगं घेऊन.”